सगळ्यात सावकाश लिफ्ट कुठली?

किस्से काही कुणी ठरवून जमवत नाही. बाहेरून जेवण मागवलं की त्याबरोबर केचपच्या पुड्या येतात, त्या आपण स्वयंपाकघरातल्या एका ड्रॉवरमध्ये टाकत राहतो. एक दिवस ड्रॉवर उघडायचाच बंद होतो, तेव्हा कळतं किती साठल्यात. टेक्सासमधल्या आमच्या फ्रिस्कोच्या मंडळाचे माझ्याकडे असे ड्रॉवरभर किस्से आहेत. त्यातले फक्त बर्फाचे सांगते, नाहीतर तुमची जेवणं राहतील.

मंडळ म्हणजे आम्ही चौघी. गोष्ट दोन हजार तीनच्या आसपासची. मी मंजिरी, नागपूरची. पुण्याची पल्लवी, डोंबिवलीची अर्चना, आणि आमच्या सगळ्यांच्या शोभाकाकू. काकू सत्तरच्या दशकात इकडे आलेल्या, त्यांचे डॉक्टरकाका रिटायर होऊन रोज गॉल्फ खेळायचे. आम्हा तिघींचे नवरे मात्र कन्सल्टंट. सोमवारी पहाटे बॅग घेऊन एअरपोर्ट, गुरुवारी परत. आम्ही तिघी एच-फोर व्हिसावर, म्हणजे नोकरी करायची नाही, नवऱ्याची वाट बघायची, तीसुद्धा कायदेशीरपणे. मग सोमवार ते गुरुवार रोज कुणाच्या तरी घरी आम्ही जमायचो. शुक्रवारी नवरे घरी, तेव्हा कुणी कुणाला फोन करायचा नाही असा नियम होता. तो आम्ही कडकपणे पाळायचो.

नवरा जितका हॉटेलात राहील तितके हॉटेलचे पॉइंट्स. पॉइंट्सवरून नवऱ्याची पायरी ठरायची: सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम. पल्लवीचा केदार प्लॅटिनम, माझा सुहास प्लॅटिनम. अर्चना म्हणायची, "आमचा नितीन अजून गोल्डच आहे गं." आणि आम्ही दोघी तिच्याकडे हेव्यानं बघायचो, कारण गोल्ड म्हणजे नवरा थोडातरी घरी असतो.

या पॉइंट्सवर वर्षातून एकदा फुकट सुट्टी घ्यायची. डॅलसकडची निम्मी माणसं हिवाळ्यात स्कीइंगला पळतात, ऑफिसात सगळे एकमेकांना तेच विचारत असतात. आम्ही तरी मागं का राहायचं? तिघींनीही ठरवलं, यंदा नवऱ्याबरोबर बर्फात जायचं. कुठं जायचं यावर त्या हिवाळ्यात आमचं जेवढं बोलणं झालं तेवढं आमच्या लग्नांच्या वेळीही झालं नसेल.

माझं त्यात आणखी एक चाललं होतं. नागपूरला मी कॉलेजात बॉटनी शिकवायचे. बिनपगारी रजा घेऊन इकडे आले होते आणि ती रजा जूनमध्ये संपत होती. प्राचार्यांनी विचारलं होतं, मार्चअखेर कळवा, रुजू होताय की राजीनामा देताय. मी सुहासला सांगितलं. तो म्हणाला, "तू ठरव. तू जे ठरवशील त्याला माझा सपोर्ट आहे." माणूस इतका चांगला की भांडायचीही सोय नाही! मी इथं असावं असं त्याला वाटतं का, एवढं एकच मला ऐकायचं होतं. म्हटलं, आठवडाभर दोघंच कुठंतरी राहू, तेव्हा तरी बोलेल. मग काय ते ठरवू.

*

पहिला नंबर पल्लवीचा. तिनं व्हिसलर ठरवलं. कॅनडा. ब्रोशर आणलं, दोघांची जॅकेट आणली, आम्हाला घालून दाखवली. पोळ्या लाटताना जॅकेट, भाजी निवडताना जॅकेट. बाहेर फ्रिस्कोत ऊन.

गुरुवारी केदार आला आणि त्यानं पासपोर्ट उघडला. मधल्या काळात त्यानं कंपनी बदललेली, पासपोर्टवरचा अमेरिकेच्या व्हिसाचा स्टँप संपलेला. देशाबाहेर पडलं की परत आत घेतील की नाही? वकिलाला फोन केला. वकील म्हणाला, थोड्या दिवसांसाठी कॅनडाला जाऊन आलात तर चालतं बहुतेक.

"बहुतेक" ऐकलं आणि केदारनं ट्रिप कॅन्सल केली. पल्लवीनं हरतऱ्हेनं समजावलं, पण तो म्हणे बर्फ कोलोरॅडोतही पांढराच असतो.

सोमवारी आमच्यासमोर ती जॅकेट घडी करून खोक्यात भरत होती. म्हणाली, "आईनं लग्नाआधी पत्रिका दोनदोनदा बघितली. पासपोर्ट बघायचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही."

*

अर्चनाचं सोपं होतं. नितीनचं प्रोजेक्टच सॉल्ट लेक सिटीला. तिथून पार्क सिटी गाडीनं जवळ. स्कीइंगला लोक कुठून कुठून तिथं येतात. अर्चना म्हणाली, "काखेत कळसा आणि गावाला वळसा कशाला?"

नितीन म्हणाला, "अगं, मी दर सोमवारी जिथं जातो तिथंच सुट्टीला जाऊ? मग सुट्टी आणि नोकरीत फरक काय?"

अर्चना म्हणाली, "फरक मी आहे."

झालं, तिकीट काढलं. नितीन आधीच तिकडे होता, ही शुक्रवारी एकटी पोचली. हॉटेलच्या काउंटरवरच्या मुलीला नितीनचं सगळं ठाऊक. त्याला खिडकीकडची खोली लागते, उशा दोन लागतात, सकाळी ऑम्लेटमध्ये हिरवी मिरची जास्त लागते. अर्चना गार. घरी हा माणूस बारा महिने पोहे खातो आणि कधी तक्रार करत नाही. त्या मुलीनं हिचं आडनाव वाचलं नसावं. किल्ली देताना गोड हसून विचारलं, "तुम्ही त्यांच्या प्रोजेक्टवर नव्यानं आलात का?"

अर्चना म्हणाली, "नाही. लग्न झाल्यापासून आहे."

हे तिनं आम्हाला इतक्या हसत सांगितलं की आम्हीही पोट धरून हसलो. मग ती चहा ठेवायला आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. पल्लवी उठून आत गेली. मी बाहेरच बसले. मला आत जायचं धाडस झालं नाही, खरं सांगते. आपलं तेच दुखणं दुसऱ्याच्या घरात कशाला बघायचं?

*

आता आमच्या घरचा किस्सा. सुहासला सुट्टी म्हणजे घर. हॉटेलातला साबण, हॉटेलातला टॉवेल बघून तो विटलेला. सुट्टीत त्याला स्वतःच्या सोफ्यावर वरण-भात खाऊन पडायचं असायचं. आणि मला सुट्टी म्हणजे तो सोफा सोडून कुठंही. चार दिवस त्या सोफ्यावर मीच तर बसलेली असायचे.

शेवटी एका रविवारी तो लॅपटॉप घेऊन बसला. कन्सल्टंट माणूस, त्याला साधं बोलता येत नाही, स्लाइड लागते. व्हिसलर, बँफ, पार्क सिटी, ॲस्पेन, ब्रेकेनरिज, टाहो, सगळे एकाखाली एक मांडले. समोर बर्फ किती, डायरेक्ट फ्लाइट आहे का, पॉइंट्स चालतात का, स्टँपिंगचं लफडं आहे का, व्हेज जेवण मिळतं का. प्रत्येकाला मार्क. मला म्हणाला, "तुझी काही रिक्वायरमेंट राहिली असेल तर सांग."

मी म्हटलं, "आपण दोघं निवांत बोलू शकू अशी जागा."

त्यानं खरंच विचार केला. चेष्टा नाही करत. हनुवटीला हात लावून विचार केला आणि म्हणाला, "ते मोजायचं कसं?"

*

हे मी शोभाकाकूंना सांगितलं. प्राचार्यांचंही त्यांना एकट्यांनाच सांगितलं होतं. काकू मेथी निवडत होत्या. त्या म्हणाल्या, "मोजता येतं की. लिफ्ट बघ."

मला वाटलं हॉटेलची लिफ्ट. काकू म्हणाल्या, "अगं, डोंगरावरची. तारेला बाक टांगलेले असतात, त्यावर बसून वर जायचं. आम्ही बँफला गेलो होतो तेव्हा ह्यांची नाइट ड्यूटी चालायची. महिनोन्‌महिने तोंड दिसायचं नाही. मी साडीखाली दोन थर्मल घातले आणि बसले ह्यांच्या शेजारी. खाली दरी, बाजूला बायको. जाणार कुठं? वर पोचेपर्यंत ह्यांनी मला त्यांच्या आईपासून सगळं सांगितलं. कुठलंही गाव घे, लिफ्ट सावकाश हवी बघ."

मी घरी येऊन फोनच घेऊन बसले. एकेका गावाच्या तिकीट ऑफिसला फोन लावून विचारायचे, "तुमच्याकडे सगळ्यात सावकाश लिफ्ट कुठली?" पलीकडचे लोक गोंधळायचे. सगळे सांगायचे, आमच्याकडे अगदी नव्या आहेत, भुर्रकन वर नेतात. मी म्हणायचे, मग नको. एका मुलानं शेवटी विचारलं, "मॅडम, तुम्हाला उंचीची भीती वाटते का?"

मी म्हटलं, "नाही. नवरा बरोबर आहे."

तो हसला. म्हणाला, आमच्याकडे एक जुनी आहे, दोघांच्याच बाकाची, तिला फार कुणी विचारत नाही, पायात स्की नसली तरी बसता येतं. हे ब्रेकेनरिज. सुहासच्या यादीत मार्कांनी ते तिसरं होतं. मी सुहासला म्हटलं, मला हेच हवंय. त्यानं का म्हणून विचारलं नाही, पॉइंट्स टाकून बुकिंग केलं.

*

ब्रेकेनरिजला पोचलो आणि मी दुसऱ्याच दिवशी शिकवणीच्या उतारावर सपशेल आपटले. शेजारी चार वर्षांची पोरं माझ्या बाजूनं सुळकन जात होती. त्यातलं एक थांबून म्हणालं, "यू ओके, मॅम?" गुडघा सुजला. म्हणजे स्की बंद. मला मनातून बरंच वाटलं, कारण आता नुसती लिफ्ट उरली.

बुधवारी दुपारी आम्ही त्या जुन्या लिफ्टवर बसलो. काकूंनी सांगितलं होतं तशीच होती. कुरकुरत, थांबत थांबत जाणारी. खाली सूचिपर्णी झाडं, फांद्याफांद्यांवर बर्फ. मी बॉटनीवाली, एरवी मी झाडांची नावं सांगत सुटले असते. पण मी गप्प बसले. म्हटलं, आज ह्यानं बोलायचं.

एक खांब गेला, दुसरा गेला. सुहास म्हणाला, "हे खांब इथं कसे आणले असतील?"

मी म्हटलं, "हेलिकॉप्टरनं."

तो म्हणाला, "हं."

मग वर पोचेपर्यंत तो काही बोलला नाही आणि मीही बोलले नाही. येताना तर त्याला झोपच लागली. त्याची मान माझ्या खांद्यावर पडली आणि मी तो पडू नये म्हणून त्याचं जॅकेट धरून बसले. दमलेला होता बिचारा. मला त्याचा रागही येईना. नुसतं रडू येत होतं, आणि गार वाऱ्यानं डोळ्यांतलं पाणी कानाकडे जात होतं. इतकं एकटं मला फ्रिस्कोच्या सोफ्यावरसुद्धा कधी वाटलं नव्हतं.

संध्याकाळी क्लायंटचा कॉल होता म्हणून तो खाली लॉबीत गेला. मी वर खोलीत गुडघा शेकत बसले. बऱ्याच वेळानं आला, आम्ही जेवलो, टीव्ही बघितला. उरलेले दिवस असेच गेले. नागपूरचा विषय मी काढला नाही आणि त्यानंही विचारलं नाही.

रविवारी दुपारी घरी आलो. सुहास बॅगा आत आणत होता. आन्सरिंग मशीनचा दिवा लुकलुकत होता, म्हणून मी बटण दाबलं. पहिला पल्लवीचा, "मजा करताय ना गं?" दुसरा कुणीतरी कार्पेट धुऊन देणारा. तिसरा सुहासचा. एरवी दौऱ्यावर असला की कॉल संपल्या संपल्या तो मला घरी फोन करायचाच, त्यामुळे आवाजाचं मला काही वाटलं नाही. मग मशीननं वार सांगितला. बुधवार. म्हणजे मी वर खोलीत गुडघा शेकत होते तेव्हाचा.

"मंजू, मी. कॉल आत्ता संपला. डोकं नुसतं भणभणलंय. अगं, आज इथं एका लिफ्टवर बसलो होतो. जुनी, दोघांच्या बाकाची. काय दिसतं गं वरून. सगळं पांढरं आणि आवाज म्हणून नाही. तू असतीस तर सगळ्या झाडांची नावं सांगितली असतीस. तुझ्याशिवाय मजा येत नाही बघ. तू तिकडे गेलीस तर माझं काय होईल, कळत नाही. बरं, जेवून घे. ठेवतो."

सुहास दोन्ही हातांत बॅगा घेऊन दारात उभा होता. त्यानं शेवटपर्यंत ऐकलं. मग बॅगा खाली ठेवल्या आणि म्हणाला, "अगं, मी..." आणि बॅगा पुन्हा उचलून आत गेला.

सोमवारी पहाटे तो एअरपोर्टला गेला. हा माणूस माझ्याशी बोलतो तो फोनवरच, मी लांब असले की. उजाडल्यावर मी नागपूरला फोन लावला. तिकडे संध्याकाळ होती, प्राचार्य घरीच होते. म्हटलं, "सर, जूनला रुजू होते."