सरकीच्या गिरणीत बुरशीचं तेल

बी.एस्सी. झाल्यावर मला धरणगावच्या एका तेलगिरणीत नोकरी लागली. सरकीत तेल किती, पेंडीत किती उरलं, हे तपासायचं. सत्तरच्या आसपासची गोष्ट. एकदा जळगावच्या कॉलेजातले माझे सर आले आणि गिरणीच्या मालकांना, शेठजींना म्हणाले, "एक बुरशी गुळाच्या पाण्यात वाढवली की अंगात चरबी साठवते. तिच्या तेलात अशी मेदाम्लं असतात, जी सरकीत नाहीत, शेंगदाण्यातही नाहीत." शेठजींनी आमच्या तपासणीच्या खोलीत जागा दिली.

घरी भाकरीवर बुरशी दिसली की आई ती उकिरड्यावर टाकायची. इथे मी तिला गूळ घालत होते. आठवड्याभरात काचेच्या चंबूंत कापसाच्या पेळूसारखा पांढरा थर धरला. तो वाळवून, कुटून, ईथरमध्ये तेल उतरवलं. चमचाभर, पिवळं. सर ते कितीतरी वेळ उजेडात धरून बघत राहिले.

पर्युषणात शेठजी खोलीत आले. दारातूनच विचारलं, "बाई, यात जीव आहे?"

"आहे," मी म्हणाले.

"आणि तेल काढताना?"

"मरतो."

"आम्हा जैनांत याला फूलण म्हणतात. अन्नावर आली तर ते अन्न आम्ही खात नाही."

"शेठजी, सरकीतही जीव असतोच ना?"

"असेल. पण सरकी मी मारायला वाढवली नाही. हे तर मुद्दाम वाढवायचं आणि मारायचं."

दुसऱ्या दिवशी त्यांनी चंबू टोपल्यांत भुसा भरून स्वतःच्या जीपने कॉलेजात पोचवले. सर माझ्यावरच नाराज झाले. "वनस्पती आहे म्हणायचं होतंस."

"आहे का, सर?"

"पुस्तकात तसं आहे," ते म्हणाले, पण आवाजात जोर नव्हता.

आईला विचारलं, सगळ्यांतच जीव असतो का, तर ती चुलीपुढून न उठता म्हणाली, "बठ्ठामा जीव शे, माय. तू कोनाकोनाले वाचाडशी?"

एक चंबू मात्र कपाटामागे राहून गेला होता. तो मला उकळवेना, फेकवेना. दर चार दिवसांनी त्यात थोडं गुळाचं पाणी घालत राहिले, कोणाला न सांगता. दिवाळीनंतर तो पदराखाली धरून एस.टी.ने जळगावला नेला. सरांनी कापसाचा बोळा काढला, वास घेतला, चंबू फिरवून पाहिला.

"ही आपली नाही. आपली केव्हाच मेली. ही हवेतून आलेली हिरवी बुरशी."

"मग इतके दिवस मी कोणाला गूळ घातला?"

सरांनी बोळा परत लावून चंबू माझ्या हातात दिला. पुढे त्यांची धुळ्याला बदली झाली आणि ते काम तिथेच थांबलं. चंबू मी परत आणला, धुतला, पेंड तपासायला घेतला. शेठजींना आपण बरोबर उत्तर दिलं की चूक, हे अजूनही मला सांगता येत नाही.