सहाशे अकरावं कार्ड

शेठचा हात कॉम्प्युटरच्या बटणावर होता आणि मी त्यांचं मनगट धरलं होतं.

इतक्या वर्षांच्या नोकरीत मी कुठल्या शेठला हात लावला नव्हता. त्यांनाही काय करावं ते सुचेना. मनगट सोडवायचं की रागवायचं, यात त्यांचे दोनचार क्षण गेले.

"सुशीलाबेन, छोडो," ते म्हणाले. "हँग झालाय तो. बंध करीने फरी चालु करो, बस."

"बंद केला तर माझं सगळं जाईल."

"सेव केलं नव्हतं?"

"नाही."

"किती दिवसांचं?"

"एकोणीस."

शेठ खुर्चीवर बसले. "दोन वाजता मला हा कॉम्प्युटर मोकळा पाहिजे. पार्टीचं सॅम्पल लूमवर चढवायचंय. पार्टी येऊन बसेल." घड्याळात साडेअकरा झाले होते.

मी कडोदऱ्याला साड्यांच्या एका कारखान्यात डिझाइन रूममध्ये काम करते. शिकले चौथीपर्यंत. नंदुरबारकडून लग्न होऊन सुरतेला आले आणि नवऱ्यापाशी बसून कार्ड कापायला शिकले.

कार्ड म्हणजे पुठ्ठ्याची लांब पट्टी. जेकार्डच्या मागावर साडीची नक्षी अशा पट्ट्यांवरून उतरते. पट्टीवर भोक असेल तर धागा उचलला जातो, कोरं असेल तर खाली राहतो. कापडात एक आडवा धागा जायला एक कार्ड लागतं. कार्डाच्या प्रत्येक उभ्या ओळीत आठ जागा असतात आणि अशा एकावन्न ओळी. कापायच्या मशीनला वाजवायच्या पेटीसारख्या चाव्या होत्या. बोटांनी चाव्या दाबायच्या, पायाने पट्टा मारायचा, एक ओळ पडली. सगळी कार्डं झाली की ती दोऱ्याने ओवून माळ बांधायची आणि मागावर टांगायची.

आता कार्डं नाहीत. कॉम्प्युटरवर चौकोन भरायचे, ते तारेतून थेट मागाला जातात. भोकं कापणाऱ्यांतली मी एकटी चौकोन भरायला शिकले. बाकीच्यांनी काम सोडलं.

पण एक सवय माझ्या हातात राहिली. अर्धी माळ बांधायची नाही, हा आमच्या खात्यातला कायदा होता. अर्धी माळ बांधलेली दिसली की कोणीतरी पुरी समजून मागावर चढवतो आणि तागाभर कापड फुकट जातं. म्हणून शेवटचं कार्ड कापून तपासल्याशिवाय दोऱ्याला हात लावायचा नाही. सेव करणं म्हणजे मला माळ बांधण्यासारखंच वाटायचं. डिझाइन पुरं होईपर्यंत मी ते करत नसे. रोज संध्याकाळी कॉम्प्युटर तसाच चालू ठेवून भेस्तानला घरी जात असे. खाली बॅटरी होती, वीज गेली तरी चालायचं. मला कोणी विचारलं नाही, मी कोणाला सांगितलं नाही.

आणि या वेळचं डिझाइन शेठचं नव्हतं. ते माझा नवरा भीमराव यांचं होतं.

भीमरावांनी ते घरी बसून कापलं होतं. नऊशे बारा कार्डं. काठावर कापसाची बोंडं, उकललेली. आमच्या गावाकडे जशी दिवाळीनंतर शेतात दिसतात तशी. मला म्हणाले होते, एक साडी विणून घेऊ, तुला. माळ बांधून झाली आणि त्याच महिन्यात कारखान्याने जुने माग भंगारात काढले. माळ घराच्या माळ्यावर गेली. भीमराव गेले त्याला सहा वर्षं झाली. त्यांनी केलेली ती नक्षी मी कापडात एकदाही पाहिली नव्हती.

यंदा माळ खाली काढली तर वाळवी लागलेली. कार्ड हातात घेतलं की ओळी मोजेपर्यंत टिकायचं, मग बोटांत भुगा. शेठने परवानगी दिली, सकाळी कामाआधी आणि जेवणाच्या सुट्टीत भरा, झालं की एक साडी विणून देतो. रोज पिशवीतून पन्नासेक कार्डं आणायची, एकेक वाचून कॉम्प्युटरवर भरायचं आणि भुगा केराच्या डब्यात टाकायचा. त्या दिवशी सकाळी शेवटचं कार्ड भरलं. तपासणीचं बटण दाबलं. स्क्रीन जागच्या जागी थांबली. कार्डं केरात गेलेली होती. जे काही होतं ते कॉम्प्युटरच्या डब्याच्या आत होतं आणि त्याच्यावर शेठचा हात होता.

सुदैवाने किंजलबेन खालीच होती. ज्या कंपनीचा आमचा प्रोग्राम आहे तिथली ती इंजिनिअर. लूमच्या वायरी तपासायला आली होती. मी तिला वर बोलावलं. तिने स्क्रीन बघितली, मग मला बघितलं.

"मासी, एकोणीस दिवस सेव नाही? माझी बा पण असंच करते. लोणच्याची बरणी भरेपर्यंत झाकण लावत नाही."

"टोमणे नंतर मार. निघेल का सांग."

"निघेल. प्रोग्राम मेला नाहीये, एकाच जागी गोल फिरतोय. कोणी बटण दाबू नका." हे तिने शेठकडे बघून सांगितलं. शेठने हात मांडीवर ठेवला.

मग तिने जे केलं ते मला समजलं तसं सांगते. कॉम्प्युटर काम करताना जे लक्षात धरतो ती मेमरी. मागावरच्या ताण्यासारखी, म्हणजे उभ्या धाग्यांसारखी, वीज आहे तोवर ताणलेली. बंद केला की सगळं सुटतं. तिच्याकडे डीबगर नावाचा वेगळा प्रोग्राम होता. तो चालू प्रोग्रामला आहे तिथे थांबवतो आणि त्याच्या मेमरीत हात घालू देतो. आत काय आहे ते वाचता येतं, आणि हवं तर बदलताही येतं. आम्ही ताणा न तोडता माग थांबवायचो, धाग्यांत बोट घालून अडकलेला धागा शोधायचो. तसंच.

"आधी कोअर काढते," किंजल म्हणाली.

"म्हणजे?"

"आत्ता त्याच्या मेमरीत जे आहे त्याची जशीच्या तशी फाइल. ती डिस्कवर राहील. मग माझ्या हातून प्रोग्राम मेला तरी चालेल."

फाइल निघाली. मी श्वास सोडला, पण ती म्हणाली, थांबा. फाइल खूप मोठी आहे, त्यात प्रोग्रामचं सगळंच सामान आहे. तुमचं डिझाइन कुठे आहे ते कळायला पाहिजे. तिने फाइल उघडून दाखवली. आकडे आणि इंग्रजी अक्षरं, ओळीमागून ओळी. मला त्यातलं एक अक्षर कळलं नाही.

"मला भोकं दाखव," मी म्हणाले.

"भोकं?"

"भोक की कोरं, एवढंच."

तिने काहीतरी टाइप केलं. अक्षरं गेली आणि नुसते एक आणि शून्य आले. आठ-आठचे गट. मी खुर्ची पुढे ओढली. ती माझी उभी ओळ होती. एक म्हणजे भोक, शून्य म्हणजे कोरं.

"आमच्या कार्डाची पहिली ओळ किनारीची," मी सांगितलं. "एका कार्डावर दोन भोकं, दोन कोरी, दोन भोकं, दोन कोरी. पुढच्या कार्डावर त्याच्या उलट. परत सुलट, परत उलट. शेवटपर्यंत. एकावन्न ओळींनी एकदा येणार."

किंजलने ते शोधायला लावलं. काही सापडलं नाही. साडेबारा वाजले. शेठ दोनदा उठून परत बसले. किंजल म्हणाली, मासी, नक्की एकावन्न? मी म्हणाले, मी आयुष्यभर एकावन्न कापल्यात. मग तिने डोक्याला हात लावला. प्रोग्राम आपल्या सोयीसाठी प्रत्येक कार्डामागे एक रिकामी ओळ जोडतो, म्हणजे बावन्न. बावन्नावर शोधलं आणि सुलट, उलट, सुलट, उलट, स्क्रीन खाली खाली सरकत गेली. तिने मोजायला लावलं. नऊशे बारा.

"आणि हे एक वेगळंच पडलंय," ती म्हणाली. "दूर, एकटं. शेजारी सहाशे अकरा लिहिलंय."

मला लगेच कळलं. सहाशे अकरावं कार्ड मी दुरुस्त केलं होतं.

भीमरावांचं उजव्या हाताचं करंगळीजवळचं बोट मशीनमध्ये चेंगरून आखडलं होतं. मधलं बोट दाबलं की तेही दाबलं जायचं आणि एक भोक जास्त पडायचं. मी ओरडायची, ते हसायचे. "मन्हं बोट आयकत नही," म्हणायचे. मग कागदाचा तुकडा चिकटवून भोक बुजवायचे. सहाशे अकरामध्ये त्यांची नजर चुकली होती. बोंडाच्या मधोमध एक भोक जास्त. मी ते आधी आहे तसं भरलं आणि मग चूक म्हणून खोडलं. काम ते काम. कार्डाचा भुगा केरात गेला.

"खोडलेलं प्रोग्रामने ठेवून दिलं," किंजल म्हणाली. "कोणी मागे फिरलं तर लागतं म्हणून. यातलं बरोबर कुठलं?"

"खोडून केलेलं बरोबर आहे."

"मग ठीक आहे, मी आता..."

"एक भोक लिहिता येतं का तुझ्या डीबगरने?"

"येतं."

"मग ते परत घाल. एकविसावी ओळ, सहावी जागा. शून्याचा एक कर."

तिने माझ्याकडे बघितलं. शेठ म्हणाले, "सुशीलाबेन, पण ते खोटं छे ने? धागा वर तरंगेल."

"तरंगू द्या. साडी माझी आहे."

किंजलने शून्याचा एक केला. एक भोक, बस. मग तिने प्रोग्राम कुठे अडकला ते दाखवलं. तपासताना तो कार्डं मोजत होता. नऊशे बारा आलं की थांबायचं होतं. कुठेतरी एक जास्त मोजलं गेलं, नऊशे बारा हुकलं, नऊशे तेरा आलं आणि तो पुढे मोजतच सुटला. चूक आमच्या कंपनीची, असं ती स्वतःच म्हणाली. मोजलेला आकडा तिने मेमरीतच मागे आणला आणि प्रोग्रामला सोडलं.

दीड वाजला होता. स्क्रीन थोडा वेळ तशीच राहिली. मग हलली. बोंडांचा काठ वरून खाली पूर्ण दिसला.

"चालो, सेव करो," शेठ म्हणाले. "तुम्हीच करा."

मी बटण दाबलं. माळ बांधून झाली. दोन वाजता कॉम्प्युटर मोकळा होता. पार्टी तीनला आली.

साडी पुढच्या आठवड्यात विणली. पांढऱ्यावर पांढरी बोंडं, उजेडात तिरकं धरलं तरच दिसतात. ती अशी दिसतील हे मला भीमरावांनी सांगितलं नव्हतं. कार्डं बघून ते कळतही नाही. काठावर दर नऊशे बारा धाग्यांनी एका बोंडात एक धागा वर तरंगतो. बोट फिरवलं की लागतो. मी फिरवते. त्यांना ही साडी दाखवायची राहिली. दाखवली असती तर ते सगळ्यात आधी तोच धागा बघून हसले असते.

आता मी दर दहा कार्डांनी सेव करते. कॉम्प्युटर अडकला की आधी नक्कल काढून ठेवायची, मग आत हात घालायचा, हे किंजलने शिकवलं. बटण दाबणारा माणूस मात्र शेजारीच असतो, त्याचं मनगट आपल्यालाच धरावं लागतं.

कारखान्यात हाताने कार्ड कापणारे आम्ही सात जण होतो. सहा गेले. मी आहे.