चूक शोधणारे सर आणि न घेतलेली गोळी

डॉ. सुखदेव रामटेके सरांची आणि माझी ओळख कुरबुरीनेच सुरू झाली. राजुऱ्याकडच्या माळावरील लेझर केंद्रात मी रुजू व्हायला गेलो, तर सरांनी कागद पाहण्याआधी माझे मनगट धरले. "तुह्यं घड्याळ मांगं आहे. मांगं असलं तं चालते, पण किती मांगं हे मालूम पायजे." बल्लारपूरहून सकाळची गाडी धरून मी उपाशीपोटी आलो होतो. चहाचे नाव नाही!

सरांच्या पंच्याहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात त्यांची विद्वत्ता इतर मान्यवर सांगतीलच. मला सरांच्या पत्नी शकुंतलाबाईंनी वेगळेच काम लावले आहे. सर रक्तदाबाची गोळी घ्यायला टाळाटाळ करतात. "तुम्ही पुस्तकात छापा भाऊ. चुका काढाले तरी ते वाचतात," असे बाईंचे म्हणणे.

आमचे काम सांगायला सोपे. उपग्रहाकडे लेझरचा झोत सोडायचा, तो तिथल्या आरशांवरून परतायला लागलेला वेळ मोजायचा आणि अंतर काढायचे. यंत्र स्वतः किती वेळ खाते हे कळावे म्हणून, अंतर ठाऊक असलेल्या आवारातल्या खांबावर आधी नेम धरायचा. माझ्या मोजणीत दर पावसाळ्यात केंद्राची जमीन वर उचललेली दिसे. प्रबंध जवळजवळ लिहून झाला होता, आणि सर विचारतात, "खांब कोणं पाह्यला?"

"सर, हजारो मोजण्यांची सरासरी आहे ही."

"सरासरीनं गोंधळ जाते रे, खोड जात नाई."

खांबाचा पाया काळ्या मातीत होता. पावसात माती फुगे, खांब सरके आणि त्याच्याबरोबर माझा शोधही. सरांनी खांब खडकावर नव्याने उभा करवला, त्याचे अंतर वेगळ्या यंत्राने पडताळून घेतले आणि मला पुन्हा मोजायला बसवले. पुढे आमचे आकडे इतर केंद्रांशी जुळू लागले, ते सरांमुळेच. माझे मात्र वर्ष गेले, आणि त्याचा राग अजून पुरता उतरलेला नाही. त्या वर्षभर सर दोन माणसांचा डबा आणत, मला समोर बसवून जेवू घालत आणि घासागणिक खांबाबद्दल बोलत.

निवृत्तीनंतर सर सावली या गावी राहतात. डॉक्टरांनी रक्तदाब जास्त असल्याचे सांगून गोळी लिहून दिली, तर सरांनी स्वतःचे यंत्र विकत आणले. त्यावर आकडा छान येई. "डॉक्टरची मशीन वर दाखवते. खोड सापडल्याबिगर मी गोळी घेत नाई." सांगून सांगून आमच्या जिभा झिजल्या. शेवटी मी डॉक्टरांनाच घरी घेऊन गेलो. त्यांचे यंत्र, सरांचे यंत्र आणि पाऱ्याचे एक जुने यंत्र, तिन्ही एकाच दंडावर लावून झाली. पारा डॉक्टरांच्या बाजूने निघाला. सरांच्या यंत्राचा पट्टा जाड दंडासाठीचा होता आणि सरांचा दंड म्हणजे काडी. एवढ्या मोठ्या पट्ट्यात दाब कमीच दिसणार, असे डॉक्टर म्हणाले.

सरांचा चेहरा उजळला. "म्हणजे खोड आपल्याच पट्ट्यात! आता महिनाभर बिना गोळीचं दोन्ही मशिनीवर मोजू, दुरुस्ती काढू." मी कपाळावर हात मारून घेतला.

बाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. "मोजा तुम्ही," त्या म्हणाल्या. "मी बी मोजून राह्यली रोज रातच्याला. तुमचा श्वास चालू आहे का नाई, ते."

सरांनी हातातला पट्टा खाली ठेवला. मग त्यांनी पाणी मागितले आणि गोळीसाठी हात पुढे केला.

ती एक गोळी गेली. उद्याचे मी सांगू शकत नाही. सरांच्या बाबतीत कुणीच सांगू शकत नाही. आपल्या सर्वांच्या वतीने एवढेच मागतो, की सरांना उदंड, निरोगी आयुष्य लाभो, आणि शकुंतलाबाईंना रात्रभराची झोप.