सबनीसबाईंनी न मोडलेला शब्द

प्रदर्शनाच्या दिवशी सबनीसबाईंनी माझे नाव का सांगितले नाही? या प्रश्नाचे उत्तर मला आजही देता येत नाही. बाईंना साठ वर्षे पूर्ण होत आहेत, त्यानिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात त्यांचे सहकारी आणि विद्यार्थिनी त्यांच्या गुणांविषयी लिहितीलच. मला मात्र आधी माझ्या अपराधाविषयी लिहिणे भाग आहे. ते टाळून बाईंचा गौरव माझ्या हातून खरेपणाने होणार नाही.

बाईंची ओळख मी नववीत असताना झाली. मॅट्रिक अकरावीला असे, ते दिवस. मी कसबा बावड्याहून राजारामपुरीतल्या मुलींच्या शाळेत येत असे. आमच्या घरात तोवर कुणी हायस्कूल पाहिले नव्हते. बाई इतिहास शिकवीत. पहिल्याच तासाला त्यांनी पुस्तके मिटायला सांगितली आणि विचारले, "कुणाच्या घरी जातं आहे? कुणाच्या घरी रांजण?" जवळजवळ सगळे हात वर गेले. "मग प्राचीन ग्रीक माणसाच्या घरापर्यंत तुम्ही निम्म्या पोहोचलातच," बाई म्हणाल्या.

त्यांनी वर्गाचे गट पाडले. घर, बाजार, नाट्यगृह, व्यायामशाळा असे विषय वाटून दिले; शाळेच्या प्रदर्शनासाठी प्रत्येक गटाने आपल्या विषयाचा लहानसा नमुना करायचा होता. ग्रीसविषयी जे वाचाल त्याच्या जवळचे काही कोल्हापुरात शोधा, स्वतः जाऊन पाहा, आणि जिथे साम्य नाही तिथे तसे लिहा, असा त्यांचा दंडक होता. गुण गटाला मिळत, एकटीला नाहीत. "काम गटाचं, चूकही गटाची. आणि गट पाडलेत मी," असे त्या म्हणत.

आमच्या गटाकडे व्यायामशाळा आली. ग्रीक मल्ल अंगाला तेल लावून वर माती चोळत आणि कुस्ती झाल्यावर ती वाकड्या धातूच्या पट्टीने खरवडून काढत, हे बाईंनी वाचून दाखवले तेव्हा वर्ग हसला. मी हसले नाही. माझे वडील, आबा, तरुणपणी कुस्ती करीत. त्यांच्या अंगावरची तांबडी माती मी पाहिली होती.

बाई स्वतः तालमीत जाऊन वस्तादांना भेटल्या. "बाया तालमीत येत न्हाईत, बाई," वस्ताद म्हणाले. बाईंनी सांगितले, "मुली दारातून पाहतील. हौद्याला हात लावणार नाहीत. माझा शब्द." हौदा म्हणजे कुस्तीची जागा. तिथली माती ताक, तेल, हळद घालून वर्षभर मळलेली असते आणि तिची पूजा होते. वस्ताद म्हणाले, "तुमचा शब्द हाय म्हटल्यावर मिटलं की."

ठरल्या दिवशी बाई दुसऱ्या गटाबरोबर होत्या. आम्ही पाच जणी तालमीच्या दारात उभ्या राहिलो. "या, ग्रीसचं पावणं," म्हणत वस्तादांनी आतून व्यायामाचे जड लाकडी मुद्गल उचलून दाखवले. मग विचारले, "तिकडचं गडी खुराकाला काय खात्यात?"

"सुकी अंजिरं," माझी मैत्रीण रेखा म्हणाली.

"बदाम न्हाईत? मग कसली डोंबलाची कुस्ती," असे म्हणून ते आमच्यासाठी थंडाई आणायला मागच्या खोलीत गेले. आमच्या नमुन्यातल्या व्यायामशाळेत मी विटेची पूड पसरली होती आणि ती मला खोटी वाटत होती. मी चपला काढल्या, आत गेले आणि दोन मुठी माती डब्यात भरून घेतली. रेखा दबक्या आवाजात "शालन, मागं फिर की" म्हणत होती. थंडाई मात्र मी सर्वांबरोबर प्यायले.

प्रदर्शनात त्या मातीपुढे मी माझ्याच अक्षरात चिठ्ठी लावली, 'तालमीतील खरी माती'. ती चिठ्ठी लिहिताना मला अभिमान वाटत होता, हे सांगायला आज लाज वाटते. बाईंनी वस्तादांना आग्रहाने बोलावले होते. ते नवा फेटा बांधून आले. शाळा चालवणाऱ्या संस्थेच्या एका सभासदांनी त्यांना चिठ्ठी वाचून दाखवली. वस्तादांनी चिमूटभर माती घेऊन वास घेतला.

"ही आमच्या हौद्यातली. कुणी आणली?"

बाईंनी चिठ्ठीकडे पाहिले, मग माझ्याकडे. माझे अक्षर त्या ओळखत होत्या. "मीच आणायला सांगितली होती," त्या म्हणाल्या.

"बाई, तुम्ही शब्द दिलता की."

"दिला होता. मोडला. क्षमा करा."

वस्तादांनी सगळी माती फेट्याच्या शेमल्यात बांधून घेतली आणि चहा न घेता ते निघून गेले. मी दोन हातांच्या अंतरावर उभी होते. बोलले नाही.

पुढच्या वर्षी मुख्याध्यापिका निवृत्त झाल्या. ज्येष्ठतेने ती जागा बाईंची होती. ती बाहेरून आलेल्या बाईंना मिळाली. कारण कागदावर कुणी लिहिले नाही, पण 'शब्द न पाळणाऱ्या बाई' हे बोलणे शाळेत मी स्वतः ऐकले. बाई पूर्वीसारख्याच वर्गात येत, गट पाडत. मॅट्रिकनंतर माझे शिक्षण थांबणार असे दिसताच त्या आमच्या घरी आल्या आणि अंगणात आईबरोबर शेंगा फोडत बसल्या. "पोरगी शिकून करणार काय?" आबांनी विचारले. बाई म्हणाल्या, "ते मला नाही सांगता येणार. शिकल्यावर तीच सांगेल." मी महाविद्यालयात गेले ती त्या दुपारमुळे.

बी. ए. झाल्यावर क्षमा मागायला मी त्यांच्याकडे गेले. मी सुरुवात करताच त्या म्हणाल्या, "शालन, ते प्रदर्शन फार छान झालं होतं. पेढा घे." विषय तिथेच मिटला. मिटला याचे मला बरे वाटले, हेही लिहायला हवे.

दोन वर्षांपूर्वी वस्ताद वारले. अंत्ययात्रेहून परतलेले आबा त्या रात्री जेवताना म्हणाले, "शब्द मोडलेल्या बाई आलत्या तालमीच्या दारापातूर. कुणी बसा म्हटलं न्हाय." मी त्यांच्या ताटात भाकरी वाढली आणि पुन्हा गप्प राहिले. तेव्हा मी नववीतली मुलगी नव्हते, शिक्षिका होते. वस्तादांना आता खरे कधीच कळणार नाही.

परवा मी आबांना सगळे सांगितले. त्यांनी हातातली सुपारी कातरून संपवली. मग म्हणाले, "तवा कळलं असतं तर दुसऱ्या दिवशी शाळंतनं काढली असती तुला. खोटं कशाला बोलू?" आबा असे करतील हे बाईंनी ओळखले होते, की आपण पाडलेल्या गटाची चूक ती आपलीच म्हणून अंगावर घेतली, मला माहीत नाही. माझ्या पदवीसाठी त्यांचे पद आणि नाव गेले, एवढे मात्र माहीत आहे.

बाईंना उदंड आयुष्य लाभो. त्यांचे गुडघे आणि डोळे त्यांना साथ देवोत, आणि पुढची अनेक वर्षे नवनव्या मुलींनी त्यांच्याकडे जाऊन प्रश्न विचारावेत. हे लिहिण्याची परवानगी मी त्यांच्याकडे मागितलेली नाही. त्यांनी ती दिली नसती. काल सकाळी आबांना बरोबर घेऊन मी तालमीत गेले, आणि आताच्या वस्तादांना, दहाबारा जणांसमोर, ती माती बाईंना न विचारता मी घेतली होती, हे सांगून आले.