कोळ्यांची वकिली

उजनी धरणाचं पाणी उन्हाळ्यात तरी मागे हटतं. पळसदेवच्या आमच्या आत्याबाई कोणत्याच ऋतूत हटत नाहीत. आत्याबाई म्हणजे माझ्या बायकोची आत्या. नवऱ्यामागे दोन खोल्यांच्या स्लॅबच्या घरात एकट्या राहतात, उसाचं पाणी स्वतः बघतात आणि जगाने ज्याला वाईट ठरवलं त्याची बाजू घेतात. दुधाला कमी म्हणून कोणीतरी विकायला काढलेली म्हैस त्यांनी हट्टाने विकत घेतली आणि ती खरोखरच दूध कमी देते म्हटल्यावर "तिची मर्जी" म्हणून मोकळ्या झाल्या. पण त्यांनी लढवलेला सर्वांत मोठा खटला भिंतीवरच्या कोळ्यांचा. आता खरं सांगायचं तर कोळ्यांचा लळा त्यांना नंतर लागला, आधी आला तो धाकट्या जावेचा राग. दोघींची घरं भिंतीला भिंत लावून. एका दसऱ्याच्या साफसफाईत ही जाऊबाई न विचारता काठीला झाडू बांधून आत्याबाईंच्या घरात शिरली आणि जळमटं काढता काढता म्हणाली, "कोळी अंगावर मुतला म्हंजी फोड उठत्यात, आग आग हुती. अशा घरात पोरंबाळं कशी यायची?" आत्याबाईंनी तिच्या हातातून काठी घेतली, झाडू सोडवला आणि काठी परत दिली. त्या दिवसापासून त्या घरातल्या एकाही जाळ्याला कोणाचा हात लागलेला नाही.

परिणामी आत्याबाईंकडे चहा प्यायला धैर्य लागतं. लग्नानंतर मी पहिल्यांदा गेलो तेव्हा कॅलेंडरच्या मागून तळहाताएवढा एक कोळी बाहेर आला आणि मी जावयाचा मान विसरून खुर्चीवर उभा राहिलो. आत्याबाई शांतपणे म्हणाल्या, "बसा, पाव्हणं. त्यो झुरळं खातो. तुमी काय झुरळ हाय व्हय?" या प्रश्नाला सभ्य माणसाने काय उत्तर द्यायचं? मी बसलो. पुढे माझ्या मेव्हण्याने मोबाइलवर आलेला संदेश वाचून दाखवला, की कोपऱ्यात थरथरणारा तो लांब पायांचा कोळी जगात सगळ्यात जहाल विषाचा, फक्त त्याचे दात माणसाला पोचत नाहीत. आत्याबाईंनी तो कोळी उचलला, मनगटावर सोडला आणि कोपरापर्यंत चालवला. "जहाल हाय, आन् दात न्हायती. म्हंजी आपल्या सोसायटीच्या चेरमनसारखा झाला की!" दुधाची गोष्ट तर सगळ्या आळीला ठाऊक आहे. जाऊबाईच्या दुधात कोळी पडला, सगळं विष झालं म्हणून ती पातेलं ओतायला निघाली. आत्याबाईंनी ते अडवलं, कोळी चमच्याने काढून उन्हात ठेवला, पेलाभर दूध उभ्याने प्यायल्या आणि दिवसभर अंगणात ठाण मांडून बसल्या, येणाऱ्याजाणाऱ्याला आपण जिवंत दिसावं म्हणून. दिवेलागणीला उठल्या आणि भिंतीपलीकडे ओरडल्या, "मेले न्हाय गं!"

गेल्या थंडीत आम्ही हुरडा खायला गेलो, तर आत्याबाईंनी पदर डोक्यावरून थेट भुवईपर्यंत ओढलेला. सासऱ्यासमोर जिने कधी पदर घेतला नाही ती बाई! बायको सुखावून म्हणाली, "बघा, आत्याला अखेर जावयाचा मान कळला." मला मात्र काळजी वाटायला लागली. हुरडा त्यांनी हातात धरला होता, तोंडात टाकत नव्हत्या, आणि डाव्या डोळ्यातून धार लागली होती. विचारलं तर म्हणाल्या धुराने. धूर दुसऱ्याच बाजूला जात होता. शेवटी बायकोने पदर मागे सारला. कपाळाची डावी बाजू फोडांनी भरलेली, पापणी सुजून डोळा मिटत आलेला.

"अगं आत्या, कधीपासून?"

"बाजाराच्या आदल्या दिसापासनं. हळू बोल." त्यांनी मान भिंतीकडे वळवली. "तिला कळलं तर गावभर सांगत सुटंल, बघा, मुतला का न्हाय कोळी!"

असं होतं एकूण. बाईला आगीत तळल्यासारख्या वेदना होत होत्या, डोळा जाण्याची वेळ आली होती, आणि तिला काळजी कसली, तर कोळ्यांच्या अब्रूची. डॉक्टरकडे चला म्हटलं, तर इंदापूर नको, तिथे जाऊबाईचं माहेर. शेवटी बायकोने अंगणात उभं राहून मोठ्याने जाहीर केलं की आत्याला लुगडं घ्यायला बारामतीला नेतोय, तेव्हा त्या गाडीत बसल्या. जाऊबाईने स्वतःसाठी हिरवं लुगडं आणायला सांगितलं, ते वेगळंच.

बारामतीच्या डॉक्टरांनी पाहताक्षणी सांगितलं, ही नागीण. लहानपणी कांजिण्या येऊन गेल्या की त्याचे विषाणू नसांमध्ये झोपून राहतात, उतारवयात कधीतरी जागे होतात. डोळ्याला लागण झाली आहे, लगेच आला असता तर बरं झालं असतं. हे सगळं आत्याबाईंनी दुसऱ्याच कोणाबद्दल असावं तसं ऐकून घेतलं आणि विचारलं, "ह्यात कोळ्याचा काय हात हाय का?"

"कोळ्याचा? अजिबात नाही. घरातले कोळी माणसाला काही करत नाहीत, आजी."

"मग भाईर येऊन सांगा."

डॉक्टर भले माणूस. खरोखर दारात आले आणि भरलेल्या बाकांसमोर म्हणाले, नागीण कोळ्यामुळे होत नाही. कोपऱ्यातले एक गृहस्थ म्हणाले, "पर आमच्याकडं तर…" आत्याबाईंनी उघड्या डोळ्याने त्यांच्याकडे असं पाहिलं की त्यांचं वाक्य तिथेच राहिलं.

फोड गेले. डोळ्यावर मात्र पांढुरका पडदा आला, तो कायमचाच. जाऊबाईला आत्याबाईंनी स्वतःच सगळं सांगितलं, डॉक्टरच्या साक्षीसकट. "डाक्टरला काय कळतंय," असं म्हणत हल्ली जाऊबाईच रोज त्यांच्या डोळ्यात औषधाचे थेंब घालते.

मला राग येतो, अजूनही येतो. अडाण्याच्या एका थापेशी भांडताना या बाईने आपला खरा डोळा घालवला. परवा गेलो तेव्हा मी बोललोच, "आत्याबाई, कोळी बदनाम झाले असते तर झाले असते. तुमचा डोळा राहिला असता."

त्या स्टोव्हपाशी होत्या. "कोळ्याला डोळं किती असत्यात, पाव्हणं?"

"बहुतेकांना आठ."

"आन् त्यातला एक गेला, तर त्यो जाळं इणायचं सोडतो व्हय?"

त्यांनी पातेलं उचललं आणि माझ्या कपात चहा ओतायला घेतला. एका डोळ्याला अंतर नीट कळत नाही. धार कपाच्या शेजारी बशीत पडायला लागली. मी कप धारेखाली सरकवला.