मोरीतली वजरी

सुनेच्या उजव्या हाताच्या बोटांवर तीन चामखिळी आल्या, आणि त्या तिने माहेराहून आणल्या असं मी परस्पर ठरवून टाकलं. माहेर शीव कोळीवाड्यातलं. मासळी साफ करून करून झालं असणार, असं मी मुलाला म्हणालेसुद्धा. आम्ही लालबागचे मालवणी, बांगड्याशिवाय आमचा बुधवार जात नाही. आणि ही पोरगी बँकेत नोकरी करणारी. पण सुनेला नावं ठेवायला पुरावा लागतो कुठे?

आमच्याकडे गणपतीचे एकवीस मोदक घरातल्या बायका मिळून वळतात. पहिला मोदक नव्या सुनेचा, तो देवासमोर मधोमध ठेवायचा. पंधरा दिवस ती ऑफिसातून आली की कणकेचा गोळा घेऊन कळ्या पाडायला शिकत होती. चतुर्थीला माझ्या दोन्ही जावा परातीभोवती बसल्या, हिने हाताला तूप लावलं आणि उकडीला हात घालणार तोच मी म्हणाले, "तू राहू दे गो. त्या हातांनी देवाचं नको."

ती उठली आणि दुर्वा निवडायला बसली. दुपारी पंचवीस पानांची भांडी तिनेच घासली. त्याला ते हात चालले, हे माझ्या लक्षातही आलं नाही. आता आठवलं की माझीच मला लाज वाटते.

नंतर ती आपली आपण डॉक्टरकडे गेली. मी सांगितलेला घोड्याच्या शेपटीचा केस तिने बांधला नाही. रोज बोटं कोमट पाण्यात बुडवून ठेवायची, मग इवल्या बाटलीतलं औषध फक्त चामखिळीवर लावायचं, असं तीन महिने न चुकता केलं. चामखिळी गेल्या.

होळीच्या सुमारास माझा तळपाय फार दुखायला लागला. तिथे पाच-सहा वर्षांचं कुरूप होतं. आंघोळीला गेले की मी ते वजरीने खसाखसा घासायची. सुनेनेच दादरच्या डॉक्टरीणबाईंची वेळ घेऊन दिली. बाईंनी वरची कातडी हलकेच तासली, आत काळे बारीक ठिपके दिसले.

"हे कुरूप नाही, मावशी. चामखीळ आहे. विषाणूमुळे होते. घासून बरी होत नाही, उलट पसरते. ती वजरी घरात अजून कोण वापरतं?"

आमच्या मोरीत वजरी एकच. सुनेच्या टाचांना भेगा होत्या, तेव्हा मीच ती तिच्या हातात दिली होती.

"म्हणजे माझ्यामुळे..."

"कोणाची कोणाला लागली हे छातीठोकपणे नाही सांगता येत. पण असं होऊ शकतं. वजरी टाकून द्या."

दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं, आपल्यातलं मुसळ नाही, ही म्हण मी मुलाला शंभरदा ऐकवली असेल. माझं मुसळ तळपायात होतं, आणि तेच पाय घेऊन मी देवासमोर आरतीला उभी राहिले होते.

घरी येऊन वजरी कचऱ्यात टाकली. संध्याकाळी सून आली तेव्हा चहा तिच्यासमोर ठेवून सगळं सांगितलं. ती शांतपणे म्हणाली, "मला माहीत होतं, आई. माझ्या डॉक्टरांनी तेव्हाच विचारलेलं, घरात अजून कोणाला आहे का. तुमच्या पायाला तेल मीच लावते ना."

"मग बोलली का नाहीस? तेव्हाच तुझ्या काकी-सासवांना सांगायचं होतंस!"

"काय सांगणार? मग पुढच्या गणपतीत त्यांनी तुम्हाला पण परातीवरून उठवलं असतं."

जावांना फोन करून खरं सांगायचं असं मी त्याच क्षणी ठरवलं. त्याला आज आठ दिवस झाले. एकीला लावलाही होता. पाऊण तास बोललो, आणि पायाचं सोडून सगळं सांगितलं.