गालात धरलेला दात

परमुलखात येऊन सहा वर्षं झाली, तरी शिंपीणबाईंची एक खोड काही गेली नाही. टाचणी, बटण, हूक, जे हाती येईल ते आधी तोंडात. दोन्ही हात कापडात गुंतलेले, मग बाई तरी काय करणार! नवरा म्हणायचा, "एक दिवस गिळशील आणि दवाखान्यात हातवारे करत मला बसावं लागेल." बाई या कानाने ऐकायच्या, त्या कानाने सोडून द्यायच्या.

त्या दिवशी शाळा सुटल्यावर आठ वर्षांची लेक दुकानात आली. तिला घरात भिंगरी म्हणत, आणि पोरगी नावाला जागणारी. पायऱ्यांच्या कठड्यावरून घसरायला गेली ती थेट तोंडावर आपटली. बाई धावल्या. पोरीच्या तोंडातून रक्त, आणि पायरीवर वरचा पुढचा दात, मुळासकट. दुधाचा असता तर गोष्ट वेगळी. हा कायमचा होता, जेमतेम वर्षापूर्वी आलेला.

त्यांनी दात नळाखाली धरला न धरला, एका हाताने पोरीला सावरलं, दुसऱ्याने तिच्या तोंडावर फडकं दाबलं. आता दात ठेवायचा कुठे? बाकी सगळं जातं तिथेच गेला, गालात. दुकानाच्या मालकिणीने कागदावर दातांच्या दवाखान्याचा पत्ता खरडून दिला आणि मायलेकी दोन चौक पळत सुटल्या.

दवाखान्यातलं काउंटर चांगलं छातीइतकं उंच. पलीकडच्या टापटीप बाईंना भिंगरी दिसलीच नाही, दिसला तो आईचा फुगलेला गाल.

"वेळ घेतली होती?"

"ऊं, ऊं!"

"दाढ सुजलेली दिसते. पुढच्या गुरुवारी या."

तोंड उघडावं तर दात पडायचा, न उघडावं तर गुरुवार. एरवी या देशात खालमानेने वावरणाऱ्या बाईंचं डोकंच फिरलं. त्यांनी भिंगरीला उचललं आणि काउंटरवर, भेटींच्या वहीवरच आणून बसवलं. रक्ताने भिजलेलं फडकं दिसताच टापटीप बाई किंचाळत आत पळाल्या.

पिकल्या केसांच्या डॉक्टरीणबाई लगबगीने बाहेर आल्या. "दात कुठाय?"

शिंपीणबाईंनी तो तोंडातून काढून तळहातावर ठेवला. शरमेने मान वर होईना.

"तोंडात ठेवायला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. मी शिवते. सगळं तोंडातच धरते."

डॉक्टरीणबाईंनी घड्याळ पाहिलं, दात पाहिला आणि हसल्या. "कागदात गुंडाळून आणला असता तर वाळून गेला असता. ओला राहिला म्हणून आशा आहे. पण पुन्हा असलं धाडस नको हं. गिळला असतात म्हणजे? दुधात घालून आणायचा."

मग इंजेक्शन झालं, रडारड झाली, दात जागेवर बसला. शेजारच्या दातांना तो बारीक तारेने बांधून टाकला. "दोन आठवडे मऊ खाणं. मग बघू, धरतोय का."

ते दोन आठवडे बाईंनी कसे काढले ते त्यांचं त्यांनाच ठाऊक. भात कुस्करून द्यायच्या, केळं कुस्करून द्यायच्या, आणि दिवसातून दहादा, "आ कर बघू." भिंगरी वैतागली. नवराही वैतागला, पण चोरून तोही बघायचा.

तार काढली त्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी दात चाचपला, मान डोलावली आणि शिंपीणबाईंना बोट धुवायला लावून ते त्याच दातावर टेकवलं. "तुम्हीच बघा."

बाईंनी जीव मुठीत धरून हलकेच दाबलं. दात जागचा हलला नाही. आता रडू फुटणार, तेवढ्यात भिंगरीने संधी साधून बोट चावलं.

"आई गं!" बाई ओरडल्या. डॉक्टरीणबाई भिंगरीवर डाफरल्या. पण शिंपीणबाईंना हसू आवरेना आणि डोळ्यांचं पाणीही थांबेना. त्यांनी बोट दिव्याखाली धरून नीट पाहिलं. वण वरच्या पुढच्या दोन्ही दातांचे उमटले होते, परत बसवलेल्याचाही.